स्थलांतरितांचे पिता : संत जॉन बॅप्टिस्ट स्कालाब्रिनी

१ जून हा संत जॉन बॅप्टिस्ट स्कालाब्रिनी यांचा स्मृतिदिन. इटलीतील पियाचेंझा धर्मप्रांताचे बिशप असलेल्या या महात्म्याला ९ ऑक्टोबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संतपद बहाल केले. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांत आज एकच चर्चा चालते. इथे भागत नाही, तिकडे संधी आहे, मग जावे की राहावे? हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या मेंढपाळाच्या उंबऱ्यावर रोज येऊन उभा राहत असे, त्याचे चरित्र आम्हांला म्हणूनच वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

स्कालाब्रिनी यांचा जन्म ८ जुलै १८३९ रोजी कोमो शहराजवळील फिनो मोर्नास्को या गावी झाला. आठ भावंडांतील ते तिसरे. वडील द्राक्षमद्याचा लहानसा व्यापार करीत. ३० मे १८६३ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. सेमिनरीत अध्यापन केल्यावर कोमो येथील संत बार्थोलोमेव धर्मग्रामाचे ते प्रमुख धर्मगुरू झाले आणि १८७६ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांची पियाचेंझाच्या बिशपपदी नेमणूक झाली.

त्यांच्या धर्मप्रांतात ३६५ धर्मग्राम होते. त्यांतील अनेक डोंगरकपारींत वसलेले. खेचरावर बसून वा पायी वाट तुडवीत बिशप तिथे पोहोचत. आपल्या २९ वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी संपूर्ण धर्मप्रांताची पाच वेळा भेट-यात्रा केली. धर्मशिक्षणाची त्यांनी अशी काही घडी बसवली की, पोप नववे पायस यांनी त्यांना धर्मशिक्षणाचा प्रेषित म्हणून गौरविले. १८७९ च्या कडक हिवाळ्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी आपले घोडे विकले, पोपमहोदयांनी भेट दिलेला मौल्यवान चषकही विकला आणि आलेल्या पैशांतून गोरगरिबांसाठी अन्नछत्र चालविले. त्याच सुमारास मूकबधिर मुलींसाठी त्यांनी संस्था सुरू केली.

परंतु अन्नछत्राने एक हिवाळा निभावतो, पिढी निभावत नाही. इटलीचे एकीकरण होऊन फार वर्षे लोटली नव्हती. दळलेल्या धान्यावरचा कर १८८४ पर्यंत गरिबांच्या मानगुटीवर होता. आगबोटींतून अमेरिकेचा स्वस्त गहू युरोपच्या बाजारात येऊ लागला आणि धान्याचे भाव कोसळले. उत्तर इटलीतील शेतमजूर मक्याच्या लापशीवरच दिवस काढीत. त्यामुळे पेलाग्रा नावाचा रोग घरोघरी शिरला होता. दुसरीकडे अटलांटिकपलीकडे ब्राझील व अर्जेंटिना हे देश झपाट्याने वाढत होते. १३ मे १८८८ रोजी ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली. कॉफीच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून साऊँ पाउलो प्रांताचे सरकार अख्ख्या कुटुंबाचे जहाजभाडे भरू लागले. फुकट तिकीट आणि पुढे जमिनीचे स्वप्न! १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख इटालियनांनी देश सोडल्याची नोंद आहे.

एकदा मिलानच्या रेल्वे स्थानकावर स्कालाब्रिनी यांनी तीन-चारशे माणसांचा जमाव पाहिला. अंगावर जुनेरे, वाकलेले म्हातारे, कडेवर मूल घेतलेल्या माता, पोरसवदा तरुण. ही मंडळी बंदराकडे, तिथून अमेरिकेकडे निघाली होती. गाडी सुटली आणि बिशप व्यथित अंतःकरणाने उभे राहिले. या माणसांचे पुढे काय होणार, त्यांना कोण भेटणार, आजारपणात त्यांच्या उशाशी कोण बसणार, या विचारांनी त्यांना घेरले. हा प्रसंग त्यांनी पुढे १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तिकेत नमूद केला.

इथे एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या वेळी देशात दोन पक्ष होते. जमीनदारांना स्वस्त मजूर हातचे जाऊ द्यायचे नव्हते, म्हणून ते स्थलांतराला देशद्रोह ठरवीत. जहाज कंपन्या आणि त्यांचे दलाल मात्र परदेश म्हणजे साक्षात नंदनवन असे रंगवीत. दलालाला माणशी दलाली मिळे. गावचा दुकानदार, कचेरीतला कारकून असे ओळखीचे लोकच त्याचे हस्तक असत. स्कालाब्रिनी यांनी दोन्ही पक्षांना नकार दिला. उपाशी माणसाला जाण्याचा नैसर्गिक अधिकार आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये, असे ते मानत. मात्र माणसांना भुलवून पाठविण्याचा अधिकार कुणालाही नाही, हेही ते तितक्याच ठामपणे सांगत. जाणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि पाठविणाऱ्याचा धंदा यांतील हा भेद त्यांच्या साऱ्या कार्याचा पाया ठरला.

हा भेद किती खरा होता, हे पलीकडे गेल्यावर कळे. जिनोआहून सुटलेले जहाज काही आठवड्यांनी सांतोस बंदराला लागे. दाटीवाटीत रोगराई पसरे आणि त्यात प्रथम बळी जात ती लहान मुले. साऊँ पाउलोच्या निर्वासितगृहासारख्या मोठ्या इमारतीत कुटुंबांचे करार होत व त्यांची मळ्यांवर रवानगी होई. एकेका कुटुंबाकडे कॉफीची हजारो झाडे सोपविली जात. दोन ओळींमधल्या जागेत स्वतःपुरता मका लावण्याची मुभा असे. परंतु सामान मळ्याच्याच दुकानातून उधारीवर घ्यावे लागे, दंड कापले जात आणि कर्ज फिटत नसे. शिवाय वाढत्या देशांची भरभराटही अखंड नव्हती. १८९० साली अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली. त्या दशकाच्या उत्तरार्धात कॉफीचे भाव घसरले आणि अनेक मळ्यांवर मजुरी थकली. १९०२ साली इटलीच्या सरकारने ब्राझीलच्या फुकट तिकिटांवर जाणारे स्थलांतर बंद केले.

सगळेच बुडाले असे मात्र नव्हे. दक्षिण ब्राझीलच्या डोंगराळ भागात अनेकांनी स्वतःच्या जमिनी केल्या, द्राक्षमळे फुलविले, गावे वसविली. स्कालाब्रिनी यांचे धाकटे बंधू पिएत्रो अर्जेंटिनात शिक्षक व निसर्गशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले होते. त्यामुळे परदेशाच्या दोन्ही बाजू बिशपांना घरच्याच अनुभवातून ठाऊक होत्या.

धर्मगुरूंविना वसलेल्या वस्त्यांतून येणारी पत्रे त्यांना अस्वस्थ करीत. बाळांना स्नानसंस्कार नाही, मरणाऱ्याला अंत्यसंस्कार नाही, मिस्सा वर्षानुवर्षे नाही. २८ नोव्हेंबर १८८७ रोजी, पोप तेरावे लिओ यांच्या मान्यतेने, त्यांनी स्थलांतरितांसाठी मिशनरी धर्मगुरूंचा संघ स्थापन केला. पुढल्याच वर्षी पहिली तुकडी ब्राझील व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे रवाना झाली. धर्मगुरूंबरोबर प्रापंचिकांनीही हात लावला पाहिजे, हे ओळखून त्यांनी संत राफाएल संस्था उभी केली. बंदरावर प्रवाशांना गाठून करार समजावून सांगणे, दलालांपासून सावध करणे आणि पलीकडे उतरवून घेणे, हे तिचे काम. मदर फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांनी न्यूयॉर्कला जावे म्हणून आग्रह धरणाऱ्यांत तेच अग्रेसर होते. ३१ मार्च १८८९ रोजी मदर कॅब्रिनी तिथे पोहोचल्या.

त्यांचे एक तरुण सहकारी फादर ज्युसेप्पे मार्केत्ती जहाजावर प्रवाशांची सेवा करीत असता एक तरुण माता वाटेतच मरण पावली. तान्हे बाळ मागे राहिले आणि शोकाकुल पती भ्रमिष्टासारखा झाला. फादर मार्केत्ती ते बाळ घेऊन रिओत उतरले आणि त्याच्यासाठी आसरा शोधला. त्यातूनच साऊँ पाउलोचे अनाथालय उभे राहिले. तिथे मुलांची आई होण्यासाठी त्यांनी आपली बहीण अस्सुंता हिला बोलाविले. २५ ऑक्टोबर १८९५ रोजी स्कालाब्रिनी यांनी धर्मभगिनींचा संघ स्थापिला, त्यातील पहिल्या भगिनींमध्ये ती होती. फादर मार्केत्ती १८९६ साली वयाच्या २७ व्या वर्षी देवाघरी गेले. मदर अस्सुंता यांना २०१४ साली धन्यवादित घोषित करण्यात आले.

बिशप स्कालाब्रिनी केवळ दानधर्मावर विसंबले नाहीत. शहरोशहरी व्याख्याने देऊन त्यांनी लोकमत जागविले. जानेवारी १९०१ च्या कायद्याने दलालांची पद्धत मोडून काढली, केवळ परवानाधारक जहाज कंपन्यांना वाहतुकीची मुभा दिली आणि देखरेखीसाठी सरकारी कार्यालय नेमले. यामागे त्यांच्या अनेक वर्षांच्या प्रयत्नांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले. १९०४ साली, ६५ व्या वर्षी, ढासळत्या प्रकृतीनिशी त्यांनी ब्राझीलच्या वस्त्यांची यात्रा केली. मरणाआधी काही आठवडे त्यांनी पोप दहावे पायस यांना निवेदन पाठविले. केवळ इटालियन नव्हे, तर सर्व राष्ट्रांच्या स्थलांतरितांसाठी ख्रिस्तसभेने मध्यवर्ती कार्यालय स्थापावे, अशी त्यात विनंती होती. १ जून १९०५ रोजी, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी, त्यांनी देह ठेवला. योगायोग पाहा, त्यांच्यासोबत संतपदी विराजमान झालेले आर्तेमिदे झात्ती हेही १८९७ साली आईवडिलांबरोबर इटलीहून अर्जेंटिनाला गेलेले एक गरीब स्थलांतरितच होते.

आपणांस हे सारे परके वाटू नये. गोव्याहून मुंबईस व बोटींवर नोकरीला आलेल्या आपल्या बांधवांनी गावोगावचे कूड स्थापिले, तेथे वेदी मांडली, एकत्र रोझरी म्हटली. बंदरावर आपला माणूस असावा, हीच त्यामागची जाणीव. आज बोटींची जागा विमानांनी घेतली असली तरी माणशी दलाली घेणारा अजूनही भेटतो.

तेव्हा जाण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांना आम्ही एवढेच सुचवू. पोट भरण्यासाठी जाणे हे पाप नव्हे, आणि राहणे हा भेकडपणा नव्हे. मात्र स्कालाब्रिनी यांची संस्था बंदरावर जे प्रश्न विचारीत असे, ते घरीच विचारून घ्यावेत. करार कुणी वाचला? तिकिटाचे पैसे कोण देतो आणि तो ते कशातून वसूल करणार? काम थांबले तर परतण्याची सोय काय? तिथे मिस्सा कुठे आणि आपला माणूस कोण? आणि गावी मागे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांची विचारपूस कोण करणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जाणाऱ्याने नव्हे, आपल्या धर्मग्रामाने द्यायचे आहे.

संत स्कालाब्रिनी, परदेशी गेलेल्या व जाऊ पाहणाऱ्या आमच्या सर्व बांधवांसाठी प्रार्थना करा.