बिस्मार्कची खतावणी

बँकेत हयात गेल्यामुळे असेल, पण इतिहास वाचताना माझी नजर तलवारीआधी खतावणीवर जाते. ऑटो फॉन बिस्मार्कचा लौकिक लोखंड आणि रक्ताचा. मला तो आठवतो तो गेर्सोन ब्लाइखरोडर या त्याच्या सराफासह.

बिस्मार्क जन्मला १८१५ साली, प्रशियातल्या जमीनदार घराण्यात. त्याच वर्षी व्हिएन्नात जर्मन राज्यांचा एक सैल संघ उभा राहिला. भाषा एक, राजे, नाणी, वजनमापे निरनिराळी. या राज्यांची पहिली गाठ बांधली ती फौजेने नव्हे, जकातीने. प्रशियाच्या पुढाकाराने १८३४ साली जकात संघ सुरू झाला. ऑस्ट्रिया बाहेर राहिला. १८६२ मध्ये बिस्मार्क प्रशियाचा पंतप्रधान झाला, तेव्हा निम्मी वाट व्यापाऱ्यांनी चालून ठेवली होती.

विधिमंडळ लष्कराला पैसा देईना. याने मंजुरीवाचून कर गोळा केले आणि १८६५ साली ब्लाइखरोडरच्या मदतीने कोलोन-मिंडेन रेल्वेतले सरकारी हक्क विकून रोकड उभी केली. (माझ्या शाखेत असा कर्जदार आला असता तर त्याला हेड ऑफिसचा रस्ता दाखवून मी मोकळा झालो असतो.) पुढच्याच वर्षी ऑस्ट्रिया सात आठवड्यांत नमला. राजाला व्हिएन्नावर चालून जायचे होते. बिस्मार्कने हट्टाने ते थांबवले. उद्या ज्याच्याशी सलोखा हवा, त्याला आज किती नागवायचे, हे त्याला कळत होते.

फ्रान्सच्या बाबतीत हे भान सुटले. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. फ्रान्सवर पाच अब्ज फ्रँकची खंडणी बसली. फ्रान्सने ती १८७३ च्या सप्टेंबरात, मुदतीआधी, चुकती केली. जर्मनीत सोन्याचा मार्क आला, कंपन्यांचे पेव फुटले आणि त्याच वर्षी बाजार कोसळलाही. पैशाचे खाते मिटले, अल्सेस-लोरेनचे मिटेना. सेनापतींना तो मुलूख हवा होता, बिस्मार्कनेही तो सोडला नाही. पुढची वीस वर्षे फ्रान्सला मित्र मिळू नये या खटपटीत गेली.

जर्मनीचे पोट भरले आहे, असे तो युरोपला सांगत राहिला. १८८४-८५ मध्ये आफ्रिकेत वसाहती घेतल्या, पण त्यात त्याचा जीव नव्हता. देशाची भूक मात्र वाढत होती. एक चलन, एक बाजारपेठ, रूरचा कोळसा, लोरेनचे लोहखनिज! १९१३ साली जर्मनीचे पोलाद ब्रिटनच्या दुपटीहून अधिक होते.

मार्च १८९० मध्ये तरुण सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने त्याला घरी बसवले. रशियाशी १८८७ साली केलेला गुप्त करार त्याच वर्षी संपू दिला. १८९४ पर्यंत रशिया फ्रान्सच्या गोटात गेला. सगळा दोष या सम्राटाच्या माथी मारायला मी तयार नाही. चान्सेलरला नेमणारा आणि काढणारा फक्त सम्राट, लोकसभेला तो अधिकार नाही, ही घटना बिस्मार्कनेच घडवली होती. एका सहीवर चालणारी शाखा! सही करणारा बदलला, एवढेच.

३० जुलै १८९८ रोजी फ्रीडरिशरू येथे तो वारला. थडग्यावर काय कोरायचे, ते त्याने आधीच ठरवून ठेवले होते. पहिल्या विल्हेल्मचा निष्ठावंत सेवक, एवढीच त्यात त्याची ओळख आहे. दुसऱ्याचे नाव नाही.