टिप देणाऱ्यांची परीक्षा घेणारा आल्फ्रेड कोल्स, आणि लाभांशाचा विसरलेला हिशोब

शेअर बाजारात टिप देणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. आज टेलिग्रामवर चॅनेल असतात, शंभर वर्षांपूर्वी टपालाने पत्रिका यायच्या. या टिपा खऱ्या किती आणि खोट्या किती, हे मोठ्या प्रमाणावर आकडे मांडून तपासणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक म्हणजे अमेरिकेचा आल्फ्रेड कोल्स. अर्थशास्त्राच्या जगात हे नाव मोठं आहे. पण मोबाईलवर स्वतःची ट्रेडिंग सिस्टिम तपासणाऱ्यांनीही ते माहीत करून घ्यावं असं आहे.

श्रीमंत घर, आजारी मुलगा

कोल्सचा जन्म १५ सप्टेंबर १८९१ चा, शिकागोचा. घराण्याचा पैसा 'शिकागो ट्रिब्यून' या वर्तमानपत्रातून आलेला. येल विद्यापीठातून तो १९१३ साली पदवीधर झाला. पुढे त्याला क्षयरोगानं गाठलं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. डोंगरातली कोरडी हवा हाच इलाज. म्हणून तो कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी राहायला गेला.

तिथे बसून तो वडिलांची गुंतवणूक सांभाळायचा. त्यासाठी त्यानं बाजाराचा अंदाज सांगणाऱ्या बऱ्याच पत्रिका पैसे भरून लावल्या होत्या. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाजार कोसळला, आणि या पत्रिका त्याच्या काहीच कामी आल्या नाहीत. १९३१ साली त्यानं त्या बंद केल्या. कुणाला शिव्या देत न बसता तो हिशोबाला बसला.

साडेसात हजार टिपांचं काय झालं?

हॅरल्ड डेव्हिस या गणितज्ञाची मदत आणि पंचकार्डवर चालणारी हिशोबाची यंत्रं घेऊन काम सुरू झालं. १९३२ साली त्यानं 'कोल्स कमिशन' ही संशोधन संस्था काढली. १९३३ पासून निघू लागलेल्या 'इकॉनॉमेट्रिका' या नियतकालिकालाही त्याच्याच पैशाचं बळ होतं.

त्याच वर्षी त्याचा निकाल छापून आला. १६ संस्थांनी जानेवारी १९२८ ते जुलै १९३२ या काळात वेगवेगळ्या शेअरबद्दल दिलेले सुमारे ७,५०० सल्ले त्यानं तपासले होते. ते ऐकणारा माणूस सरासरी शेअरच्याही वर्षाला १.४३ टक्के मागे राहिला असता. संपूर्ण बाजाराचा अंदाज सांगणाऱ्यांची तुलना त्यानं पत्ते पिसून काढलेल्या काल्पनिक अंदाजांशी केली. यशस्वी ठरलेले तज्ज्ञही नशीबवान पत्त्यांपेक्षा सरस दिसले नाहीत.

हॅमिल्टनची २६ वर्षं

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण विल्यम पीटर हॅमिल्टन याचं. 'वॉल स्ट्रीट जर्नल'चा हा संपादक 'डाउ थिअरी' वापरून बाजाराची दिशा सांगायचा. १९०४ ते १९२९ या २६ वर्षांत त्यानं ९० वेळा दिशा बदलल्याचं सांगितलं. त्यातले ४५ अंदाज बरोबर, ४५ चूक.

त्याचं ऐकलं असतं तर वर्षाला साधारण १२ टक्के सुटले असते. वाईट नाही. पण त्याच काळात शेअर घेऊन गप्प बसणाऱ्याला १५.५ टक्के मिळाले असते. ही तुलना न्याय्य व्हावी म्हणून कोल्सनं दलाली धरली आणि लाभांशही धरला. (१९९८ मध्ये संशोधकांनी जोखमीचा विचार करून हाच हिशोब पुन्हा मांडला, तेव्हा हॅमिल्टन बराच उजवा ठरला. म्हणजे मोजमाप बदललं की निकाल बदलतो.)

लाभांश म्हणजे घराचं भाडं

समजा, जुन्या जालन्यात कुणी २० लाखांना घर घेतलं, दहा वर्षं भाड्यानं दिलं आणि २२ लाखांना विकलं. कमाई फक्त २ लाख, असं कुणी म्हणेल का? दहा वर्षांचं भाडं कुठे गेलं? पण शेअरचा नुसता भावाचा चार्ट नेमकं हेच करतो.

दुसरी गडबड याहून बारीक आहे. शेअरचा बंद भाव ५०० रुपये आहे आणि २० रुपये लाभांश जाहीर झालाय. एक्स-डेटला तो शेअर साधारण ४८० ला उघडतो. चार्टवर ४ टक्के घसरण दिसते, पण गुंतवणूकदाराचं नुकसान काहीच झालेलं नसतं. २० रुपये त्याच्या खात्यात येणार असतात. तुमच्या सिस्टिमला मात्र हे कळत नाही. ती स्टॉपलॉस लागला असं समजून विकून टाकते.

उपाय सोपा आहे. ४८० भागिले ५०० म्हणजे ०.९६. एक्स-डेटच्या आधीचे सगळे भाव ०.९६ नं गुणायचे. पूर्वीचा ४०० चा भाव ३८४ होतो, आणि ती खोटी घसरण नाहीशी होते. प्रत्येक लाभांशासाठी हेच करत मागे जायचं.

एक लक्षात ठेवा. ३८४ या भावाला त्या दिवशी सौदा झालेलाच नसतो. त्यामुळे परतावा मोजायला दुरुस्त केलेले भाव घ्यावेत, पण किती शेअर घेता आले असते हे पाहायला मूळ भावच लागतात. अनेक मोफत चार्टमध्ये स्प्लिट आणि बोनसची दुरुस्ती असते, लाभांशाची नसते. तेवढं आधी तपासा.

१८७१ पासूनचा हिशोब

कोल्सचं सगळ्यात चिवट काम १९३८ साली आलं. न्यूयॉर्क बाजारातल्या शेअरचे १८७१ ते १९३७ या काळातले निर्देशांक त्यानं तयार केले. एक नुसत्या भावाचा, आणि एक लाभांश पुन्हा गुंतवला असं धरून काढलेला. दोन्ही शेजारी ठेवले की दिसतं, त्या काळातल्या कमाईचा मोठा वाटा लाभांशाचा होता. भाववाढीचा वाटा त्यामानाने लहान.

आपल्याकडचा 'निफ्टी ५० टीआरआय' याच विचाराचा आहे. फेब्रुवारी २०१८ पासून सेबीनं म्युच्युअल फंडांना आपल्या कामगिरीची तुलना अशाच लाभांशासह असलेल्या निर्देशांकाशी करायला लावली. लाभांश वर्षाला फक्त १.३ टक्के धरला तरी २० वर्षांत जवळपास ३० टक्क्यांचा फरक पडतो. तुमची सिस्टिम साध्या निफ्टीला हरवत असेल, तर ती टीआरआयलाही हरवते का, हे बघायलाच हवं.

कोल्सनं १९४४ मध्ये अंदाजकर्त्यांची पुन्हा परीक्षा घेतली. निकाल फारसा बदलला नाही. त्याची संस्था १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठात आणि १९५५ मध्ये येलला गेली. तिथे काम केलेल्या अनेकांना पुढे नोबेल मिळालं. ज्याला क्षयामुळे शहर सोडावं लागलं होतं, तो कोल्स १९८४ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी वारला. त्यानं जमवलेले जुने आकडे संशोधक आजही वापरतात.