डॉक्टर वानलेस

विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. रुग्णसेवा हेच ख्रिस्ती धर्माचे आचरण मानून ते १८८९ साली हिंदुस्थानात आले. कोल्हापूरच्या शेजारी मिरजेस त्यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले. मोतीबिंदूने अंध झालेल्या कित्येकांना तेथे पुन्हा दृष्टी लाभली. परंतु आप्तांनीही दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांना आश्रय कोण देणार? डॉक्टरांनी त्यांच्यासाठी आश्रम काढला; क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे केले. एकट्याचे हात अपुरे पडतात, हे जाणून १८९७ साली त्यांनी येथील तरुणांना वैद्यकीचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. १९३३ साली ते निवर्तले. सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी आजही त्यांचे स्मरण करून देते. ज्यांना कोणी जवळ करीत नाही, त्यांना त्यांनी आपले मानले.