कामिल्लो गॉल्जी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शरीरशास्त्रज्ञांपुढे एक विलक्षण अडचण उभी होती. प्राणिमात्राचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे तत्त्व तोवर सर्वमान्य झाले होते. यकृत, त्वचा, स्नायू यांचे पातळ काप रंगवून ते सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहण्याची विद्याही साध्य झाली होती. मेंदू मात्र दाद देत नव्हता. त्यातील पेशींना इतके बारीक आणि लांब फाटे असतात, व ते एकमेकांत असे गुंतलेले असतात, की मेंदूचा रंगविलेला काप म्हणजे निबिड अरण्यच भासे. त्या अरण्यातील एकेक वृक्ष वेगळा ओळखावा कसा? ही वाट ज्याने मोकळी केली, तो कामिल्लो गॉल्जी होय.

गॉल्जीचा जन्म ७ जुलै १८४३ रोजी उत्तर इटलीतील कोर्तेनो या डोंगराळ खेड्यात झाला. त्याचे वडील डॉक्टर होते. मुलानेही तोच मार्ग धरला व १८६५ मध्ये पाव्हिया विद्यापीठाची वैद्यकीची पदवी मिळविली. तेथे जूल्यो बिझोझेरो या तरुण संशोधकाशी त्याचा स्नेह जुळला. बिझोझेरो वयाने गॉल्जीपेक्षा लहान. पण सूक्ष्मदर्शकाचा खरा अभ्यास गॉल्जीने त्याच्याचकडून घेतला. विद्येपुढे वयाचा मान आड येऊ दिला नाही, हे दोघांनाही शोभण्यासारखेच होते.

संशोधनाने पोट भरत नव्हते. म्हणून १८७२ मध्ये गॉल्जीने मिलानजवळील अब्बियातेग्रास्सो या लहान गावी, असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात मुख्य डॉक्टरची जागा पत्करली. तेथे ना प्रयोगशाळा, ना सहकारी. दुसरा कोणी असता, तर संशोधनाला रामराम ठोकून मोकळा झाला असता. गॉल्जीने रुग्णालयातील एका लहानशा स्वयंपाकघरात आपले यंत्र मांडले आणि दिवसाचे काम आटोपल्यावर तेथे प्रयोग चालविले.

मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात ठेवून तो प्रथम टणक करावयाचा आणि नंतर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाचा, अशी त्याची रीत होती. या दोन द्रव्यांच्या संयोगाने चांदीचा एक क्षार पेशीच्या आत साचतो. मौज अशी, की तो सर्व पेशींत साचत नाही. थोड्याच पेशी निवडल्याप्रमाणे काळ्याभोर होतात, आणि त्याही मुळापासून शेंड्यापर्यंत, सर्व फाट्यांसह! पिवळट पार्श्वभूमीवर शाईने रेखाटावे तशी संपूर्ण मज्जापेशी प्रथमच दृष्टीस पडली. गॉल्जीने हा शोध १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. ‘काळी प्रक्रिया’ या नावाने तो ओळखला जातो.

पुढे पाव्हिया विद्यापीठाने त्याला परत बोलाविले व तेथेच तो प्राध्यापक झाला. १८८५ च्या सुमारास त्याने हिवतापाचाही अभ्यास केला. या रोगाचे सूक्ष्म जीव रोग्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडून एकाच वेळी बाहेर पडतात, आणि नेमकी तेव्हाच थंडी वाजून ताप चढतो, हे त्याने दाखवून दिले.

गॉल्जीच्याच रीतीचा अवलंब करून स्पेनमधील सान्त्यागो रामोन इ काहाल याने एक निराळाच निष्कर्ष काढला. प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे, असे काहालचे मत. तर मज्जातंतूंचे सर्वत्र एकच अखंड जाळे आहे, असा गॉल्जीचा आग्रह. १९०६ मध्ये या दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. स्टॉकहोम येथील व्याख्यानात गॉल्जीने काहालच्या मताचे खंडन केले, आणि दुसऱ्या दिवशी काहालने आपल्या व्याख्यानात ते मत पुन्हा मांडले. एकाच सन्मानाचे मानकरी असे समोरासमोर उभे ठाकल्याचे दृश्य विरळाच! या वादात काहालचा पक्ष खरा ठरला. तरीही गॉल्जीने आपले जाळे अखेरपर्यंत सोडले नाही.

आणखी एका जाळ्याची कथा याहून विस्मयकारक आहे. १८९८ मध्ये घुबडाच्या मज्जापेशी तपासताना पेशीच्या आत, केंद्रकाभोवती, सूक्ष्म धाग्यांची जाळी गॉल्जीला आढळली. पाव्हियाच्या वैद्यकीय मंडळापुढे त्याने ती सादर केली. काहालने स्वतः या रचनेवर पुढे संशोधन केले. परंतु अनेक शास्त्रज्ञ साशंकच राहिले. जिवंत पेशीत ही जाळी स्पष्ट दिसत नाही. ती केवळ रासायनिक द्रव्यांमुळे उद्भवलेला आभास असावा, असे ते म्हणत. त्यांची शंका अगदीच निराधार होती असे नाही, कारण चांदीच्या क्षारांनी अनेकांची दिशाभूल केली होती. हा वाद चालू असतानाच २१ जानेवारी १९२६ रोजी पाव्हिया येथे गॉल्जीचा अंत झाला.

त्यानंतर सुमारे अठ्ठावीस वर्षांनी, १९५४ च्या सुमारास, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निवाडा दिला. गॉल्जीने पाहिलेली रचना खरीच होती. ती म्हणजे एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्यांची चळत होय. पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेवर तयार झालेली प्रथिने इवल्याशा पुटिकांतून तेथे येऊन पोहोचतात. या पिशव्यांत त्यांच्यात आवश्यक ते फेरफार होतात, कित्येकांना शर्करेचे अंश जोडले जातात, आणि मग त्यांची वर्गवारी होते. काही प्रथिने पेशीच्या आवरणाकडे जातात, काही लयकारिकांकडे, तर काही पेशीबाहेर. माल पारखून, त्यावर खूण करून तो योग्य ठिकाणी रवाना करणारी जणू ही एक पेढीच! आपल्या स्वादुपिंडातील पाचक रस आणि आतड्याच्या अस्तरावरील बुळबुळीत श्लेष्मा या पेढीतूनच बाहेर पडतात. मनुष्य, घुबड वा आंब्याचे झाड, सर्वांच्या पेशींत ती आढळते, आणि तिला ‘गॉल्जी संकुल’ असे नाव आहे.