चतुर पंडितांची वकिली

ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयाचे नाव ऐकले नाही असे मराठी घर त्या बाजूस विरळाच. ते विद्यालय ज्यांच्या योजनेने उभे राहिले ते पंडित विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील होते, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते. संगीतासाठी त्यांनी वकिली सोडली, एवढे सांगून त्यांचे चरित्र बहुधा आटोपते घेतले जाते. आम्हांला त्यांतील अधिक विचारणीय भाग वाटतो तो हा की, त्यांनी ती फार उशिरा सोडली.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीस, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. वडील एका धनिकाच्या पदरी नोकरीस होते. गाणे घरात ऐकावे, सणावारी म्हणावे. परंतु शिकल्यासवरल्या मुलाने त्यावर पोट भरावे, ही कल्पना त्या काळच्या गृहस्थास रुचणारी नव्हती. विष्णुपंतांनी विद्यार्थिदशेतच वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतार शिकण्यास आरंभ केला. १८८४ साली ते मुंबईतील पारशी गृहस्थांनी स्थापिलेल्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्यापासून त्यांनी शेकडो ध्रुपदे घेतली. इकडे कॉलेजचा अभ्यासही चालूच होता. १८८५ मध्ये ते बी. ए. झाले, १८८७ मध्ये एलएल. बी. झाले, काही काळ कराचीस वकिली करून ते मुंबईस परतले आणि तेथेच व्यवसाय करू लागले.

यानंतर जवळजवळ तेवीस वर्षे हे गृहस्थ वकील राहिले. दिवसा कज्जे-खटले, आणि उरलेला वेळ गाण्याच्या शोधास. मनात एक आणि हातात दुसरे, असे हे जिणे वरवर पाहता ओढाताणीचे दिसते. पण त्यांनी हाती घेतलेले काम कोणत्या जातीचे होते ते पाहिले म्हणजे वकिलीचे मोल कळते. त्यांना मैफिली गाजवावयाच्या नव्हत्या. देशभर विखुरलेल्या, गवयांच्या केवळ कंठांत राहिलेल्या चिजा मिळवाव्या, त्या स्वरलिपीत उतरवाव्या, आणि रागांचे नियम जुन्या ग्रंथांशी ताडून पाहावे, हा त्यांचा ध्यास होता. असल्या कामास पैसा देणारा कोणी नव्हता. तो खर्चावाच लागे, आणि तो अशिलांकडून येई.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चीज ही खाँसाहेबांची इस्टेट होती. ती मुलास आणि जावयास द्यावयाची, परक्यास नाही. कारण तिच्यावर त्यांच्या घरची चूल पेटत असे. सुशिक्षित मंडळी या जपणुकीस कंजूषपणा म्हणत. आम्हांस ते पटत नाही. आम्ही स्वतः भिक्षुकाच्या घरात वाढलो. पाठांतर हाच ज्या घरचा जमीनजुमला, त्याने तो उघड्यावर मांडण्यापूर्वी उद्याच्या शिध्याचा विचार केला तर त्यास हसावे कसे? भातखंड्यांनी ही अडचण ओळखली होती, असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. ते फुकट मागावयास गेले नाहीत. त्यांनी गवयांस मोबदला दिला, काहींचे रीतसर शिष्यत्व पत्करले. जयपूरचे महंमद अली खाँ व त्यांचे पुत्र आशक अली खाँ यांच्याकडून त्यांनी सुमारे ३०० चिजा मिळविल्या, आणि त्या फोनोग्राफवर उतरवून घेतल्या. स्वतःच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न संगीतावर टाकलेला नसल्यामुळेच त्यांना ते संग्रहाचे काम असे करता आले.

१९०० साली त्यांची पत्नी निवर्तली. १९०३ साली एकुलती एक कन्याही गेली. त्यानंतर संसार उरला नाही. हा भाग चरित्रकार दोन ओळींत उरकतात. आमच्या मते मात्र पुढील निर्णयाचा विचार करताना तो विसरून चालणार नाही. घरात खाणारी तोंडे असती तर तोच निर्णय तसाच झाला असता, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये.

१९०४ मध्ये ते दक्षिणेस गेले. मद्रास, तंजावर, मदुरा असे फिरत ते एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांना भेटले. वेंकटमखीची बहात्तर मेळांची पद्धती त्यांनी तेथे समजून घेतली; पुढे उत्तरेकडील राग दहा थाटांत बसविताना ती त्यांच्या कामी आली. १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, कलकत्ता. १९०८ मध्ये प्रयाग, काशी, दिल्ली, जयपूर. सर्वत्र स्वखर्चाने प्रवास, ग्रंथालयांत पोथ्यांची पाहणी, आणि पंडितांशी व उस्तादांशी वाद.

मग १९१० च्या सुमारास, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी वकिली कायमची बंद केली. साधेपणाने राहण्यापुरते गाठीस होते. अधिकाची त्यांनी इच्छा धरली नाही. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मराठी ग्रंथ, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने, याच काळात निघू लागला. संस्कृत ग्रंथ त्यांनी 'चतुर पंडित' या नावाने लिहिले. स्वतःचे नाव झाकून ठेवण्याची त्यांना हौसच होती.

मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती त्यांच्याच खटपटीने. ती पाहून माधवराव शिंद्यांनी ग्वाल्हेरीहून काही गायक त्यांच्याकडे मुंबईस शिकावयास पाठविले, आणि १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे विद्यालय उघडले. १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज सुरू झाले. तेच पुढे त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. गाणे शिकविण्याबद्दल त्यांनी स्वतः कधी एक पैसा घेतला नाही. तरीही या विद्यालयांतून शिक्षकांच्या जागा निर्माण झाल्या, त्यांस दरमहा वेतन ठरले. गवयाच्या मुलास जहागीरदाराच्या मर्जीवाचून, गाऊनच महिन्याच्या महिन्यास घरखर्च चालविता येईल अशी सोय झाली. त्यांच्या पद्धतीवर टीका करणारे पुष्कळ झाले. थाटांत राग नीट बसत नाहीत असे आजही म्हणणारे आहेत. ही सोय मात्र टीकाकारांच्या मुलांनाही लाभली.

१९३३ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. 'क्रमिक पुस्तक मालिके'चे काम अजून उरले होते. बिछान्यावर पडून ते हस्तलिखिते पाहत राहिले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, त्यांचे देहावसान झाले. मालिकेचे शेवटचे दोन भाग त्यांच्या मागे छापून निघाले.