पाहुणा चालतो, यजमान नको!

पाहुण्याचे स्वागत करणे सोपे असते. त्यालाच घरचा धनी म्हणून पत्करायची वेळ आली, की माणसांची आणि समाजाचीही खरी परीक्षा होते. नॅट किंग कोल या अमेरिकन गायकाचे आयुष्य न्याहाळताना मला हे पुन्हा पुन्हा जाणवते. एड सुलिव्हनच्या विविधरंगी कार्यक्रमासारख्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत तो पाहुणा गायक म्हणून येई, गाणी म्हणे, मनमुराद टाळ्या घेई. साऱ्या देशाला तो हवाहवासा वाटे. पण त्याच पडद्यावर त्याने स्वतःची बैठक मांडली, तेव्हा मात्र चित्र पालटले.

अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी गावी १७ मार्च १९१९ रोजी एका कृष्णवर्णी कुटुंबात तो जन्मला आणि शिकागोत वाढला. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. आईने ऑर्गन शिकवला. नॅट मुळात पियानोवादक. १९३७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्याने पियानो, गिटार आणि डबल बास एवढ्यावर आपले त्रिकूट उभे केले. ढोल नाही, ताशा नाही. लय तिघांच्या बोटांत. गळ्याने नाव मिळवले ते नंतर. 'नेचर बॉय' (१९४८) आणि 'मोनालिसा' (१९५०) या गाण्यांनी तो घरोघरी पोचला. त्याच्या ध्वनिमुद्रिका इतक्या खपल्या, की १९५६ मध्ये हॉलिवूडमध्ये उभ्या राहिलेल्या कॅपिटॉल कंपनीच्या गोल मनोऱ्याला लोक नॅटनेच बांधलेले घर म्हणू लागले.

कंपनीला घर बांधून देणाऱ्या या माणसाने १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॅनकॉक पार्क या श्रीमंत वस्तीत स्वतःसाठी घर घेतले, तेव्हा गोरे शेजारी एकवटले. घर परत विकत घेण्याची तयारीही त्यांनी दाखवली. नॅट आणि त्याची पत्नी मारिया हलले नाहीत. १० एप्रिल १९५६ रोजी बर्मिंगहॅम शहरात तो गोऱ्या श्रोत्यांसमोर गात असताना काही वर्णद्वेष्ट्यांनी रंगमंचावर चढून त्याला खाली पाडले. तो कार्यक्रम त्याने पुढे चालवला नाही. पण त्याच रात्री कृष्णवर्णी श्रोत्यांसाठी ठेवलेल्या दुसऱ्या खेळात तो गायला. असे वेगवेगळे खेळ त्याने स्वीकारावेतच का, हा त्याच्याच समाजाचा सवालही त्याला झोंबला असणार.

त्यानंतर सातच महिन्यांनी, ५ नोव्हेंबर १९५६ रोजी, एनबीसीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. आधी पंधरा मिनिटांचा, जुलै १९५७ पासून अर्ध्या तासाचा. त्याआधी १९५० मध्ये पियानोवादिका हेझल स्कॉट हिलाही असा मान मिळाला होता, पण तो काही महिन्यांपुरताच. नॅटचे नाव एवढे मोठे, की त्याला प्रायोजक सहज मिळेल असे वाटत होते. देशभरासाठी एकही मिळाला नाही. कृष्णवर्णी यजमानाच्या शेजारी आपला माल दिसला, तर दक्षिणेतले गोरे गिऱ्हाईक बिथरेल, हे भय! प्रदेशापुरते जाहिरातदार तेवढे पुढे आले. दक्षिणेतल्या काही केंद्रांनी तर कार्यक्रम दाखवलाच नाही.

येथे मला मोठे वाटतात ते त्याचे पाहुणे. एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफॉन्टे, पेगी ली, मेल टॉर्मे, सॅमी डेव्हिस ज्युनिअर – एकेकाची बिदागी डोळे पांढरे करणारी. पण नॅटसाठी अनेक कलावंत संघटनेने ठरवलेल्या किमान मानधनावर आले. काळ्या-गोऱ्यांनी एका पियानोपाशी उभे राहून गाणे, हीच त्या दिवसांत केवढी गोष्ट होती! व्यापाराने हात आखडला, तिथे गाणाऱ्यांनी पदरमोड केली.

तरी १७ डिसेंबर १९५७ रोजी कार्यक्रम संपला. एनबीसीने त्याला हाकलले नव्हते. दुसरी वेळ देऊ केली होती. ती नाकारून नॅटनेच निरोप घेतला आणि दोष प्रेक्षकांना नव्हे, जाहिरातवाल्यांना दिला. मला त्याचा हा निवाडा बराचसा पटतो. त्याच्या तबकड्या गोऱ्या घरांतही वाजतच होत्या. ज्याने आवाज विकत घेतला, त्याला चेहरा पाहवणार नाही, हे जाहिरातवाल्यांनी न विचारताच ठरवून टाकले.

१५ फेब्रुवारी १९६५ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. वय अवघे पंचेचाळीस. सिगारेटने घात केला. १९९१ मध्ये कन्या नॅटली हिने त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणाशी आपला आवाज जुळवून 'अनफर्गेटेबल' गायले आणि नवी पिढी त्याच्याकडे वळली. त्या कार्यक्रमांच्या जतन झालेल्या फिती मात्र आवर्जून पाहाव्यात. तक्रारीचा सूर कुठे नाही. नेटका सूट, पियानोवर हलकेच फिरणारी बोटे, आणि पाहुणा गाऊ लागला, की त्याला उजेडात सोडून स्वतः किंचित मागे सरणारा यजमान.