ऋणाचा हिशेब मांडणारा ब्रह्मगुप्त

चष्म्याचा नंबर उणे दोनवरून उणे तीन झाला की घरात म्हणतात, नंबर वाढला. गणिताच्या पेपरात मात्र उणे तीन ही उणे दोनपेक्षा लहान संख्या. मुले इथेच अडखळतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

या संख्यांचे नियम इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात सांगितले. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. जिष्णूचा हा मुलगा भिल्लमाळचा, म्हणजे आजच्या राजस्थानातील भीनमाळचा, आचार्य म्हणून ओळखला जाई. ग्रंथ मुळात ग्रहगतीचा आणि ग्रहणांचा. पण त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य एकत्र आले. धन म्हणजे मालमत्ता, ऋण म्हणजे कर्ज.

शून्यातून ऋण वजा केले तर धन उरते, हा त्यातला अवघड नियम. खिशात ५०० रुपये आणि डोक्यावर तेवढेच कर्ज, म्हणजे माणूस शून्यावर. कर्ज माफ झाले की तो ५००चा धनी. तशी तीन कर्जे माफ झाली तर १५००ने वर येतो. ऋण गुणिले ऋण धन, ते असे. समान धन आणि ऋण मिळून शून्य होते, हेही त्याने सांगितले. उणे दोन नंबरचा माणूस चाळिशी उलटल्यावर चष्मा काढून पेपर वाचतो, तेव्हा डोळ्यांपुढे हीच बेरीज चाललेली असते: दूरचे उणे दोन, जवळचे अधिक दोन.

शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असेही त्याने लिहिले. ते चुकले. स्वभावही तिखट, आर्यभटावर त्याने कडक टीका केली. मात्र ६७व्या वर्षी लिहिलेल्या ‘खंडखाद्यका’त त्याने आर्यभटाचीच गणनापद्धती वापरली. वयाबरोबर आलेला समजूतदारपणा म्हणावा काय!

आठव्या शतकात त्याचे ज्ञान बगदादला पोचून अरबीत गेले. पण ऋणसंख्यांबद्दलची शंका काही संपली नाही. १७५८ साली फ्रान्सिस मासेरेस हा इंग्रज गणिती त्यांना बीजगणिताबाहेर ठेवायला निघाला होता. ब्रह्मगुप्ताच्या अठराव्या अध्यायाचे हेन्री कोलब्रुकने केलेले इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापले गेले ते १८१७ साली.